दुखण्याला साक्षीदार कोण?

मराठीत काळजाला घरे पडतात, काळीज पिळवटते, काळीज तुटते. पण मटणाच्या दुकानात जाऊन कलेजी मागितली तर कागदात बांधून मिळते ते यकृत. उर्दूतही हाच घोटाळा आहे. जिगर म्हणजे यकृत, पण शायरांचे जिगर नेमके तिथेच दुखते जिथे डॉक्टर हृदय दाखवतात. अरबीतून आलेला 'क़ल्ब' हा शब्द त्यातल्या त्यात जागेवर आहे. त्याच्या धातूचा अर्थ उलटणे, पालटणे. 'इन्किलाब' हा शब्दही त्याच कुळातला. आमच्या नंदुरबारकडे दवाखान्यात आलेली एखादी बाई 'जी घबराता' असे म्हणते, शेजारची अहिराणी बोलणारी 'छाती दुखी ऱ्हायनी' म्हणते, आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली तिसरी काहीच न बोलता छातीवर हात ठेवून बसते. तिघींना होणारा त्रास एकच असेल किंवा तीन वेगळेही असतील. डॉक्टरकडे त्यासाठी असतात मोजून काही मिनिटे, कारण बाहेर रांग लागलेली असते.

ताप मोजता येतो. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. दुखणे तेवढे सांगावे लागते आणि समोरच्याने ते मानावे लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची एक व्याख्या केली होती, ती २०२० मध्ये सुधारून घेतली. त्या व्याख्येत वेदना म्हणजे शरीराचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव आहे, आणि सोबतच्या टिपणात असे म्हटले आहे की माणूस 'मला दुखते' असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. शास्त्राच्या व्याख्येत 'मान राखणे' ही गोष्ट यावी, याचे मला नवल वाटले. कारण ही प्रयोगशाळेतली गोष्ट नाही, घरातली आहे. कुणाचे दुखणे मानायचे आणि कुणाचे नाही, हे आपल्या घरांत फार पूर्वी ठरून गेलेले असते. मला बोलायचे आहे ते त्या ठरलेल्या गोष्टीबद्दल. पण त्याआधी हृदयाचे दुखणे म्हणजे काय, ते थोडे पाहावे लागेल.

हृदय हा मोठा विचित्र अवयव आहे. सतराव्या शतकात रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने एक तरुण उमराव तपासला होता. लहानपणीच्या अपघातामुळे त्याच्या छातीला भोक राहिले होते आणि आतले हृदय उघडे दिसत असे. हार्वेने हृदयाला बोट लावले, राजा पहिला चार्ल्स यालाही ते दाखवले, आणि त्या तरुणाला स्पर्श कळलासुद्धा नाही. ज्या हृदयावर जगातल्या सगळ्या भाषांनी एवढे ओझे टाकले, त्याला साधा स्पर्श कळत नाही. त्याला कळते ते एकच, रक्त कमी पडल्याचे. तेसुद्धा नीट सांगता येत नाही. हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि हाताकडून, छातीच्या कातडीकडून येणाऱ्या नसा मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. दुखते हृदय, आणि माणूस डावा हात चोळतो, जबडा धरतो, किंवा पोटात गॅस धरला म्हणून सोडा पितो.

या दुखण्याला 'अँजायना' हे नाव इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टराने दिले. १७६८ साली त्याने त्यावर व्याख्यान दिले आणि १७७२ मध्ये ते छापून आले. या नावाच्या मुळाशी गळा आवळणे, गुदमरणे हा अर्थ आहे. चढ चढताना किंवा जेवणानंतर चालताना छाती आवळते, थांबले की सुटते, असे त्याने लिहिले. पुढे त्याने आणखी एक नोंद केली, ती आपल्या कामाची आहे. नुसते चालणेच नव्हे, मनाची खळबळही हे दुखणे आणू शकते. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी, ईसीजी नाही, अँजिओग्राफी नाही, अशा काळात केवळ रोग्यांचे ऐकून त्याने हे ओळखले. त्याच्याही आधी इब्न सीनाने हृदयाच्या औषधांवर वेगळा ग्रंथ लिहिला होता, आणि प्रेमाने झुरणाऱ्या रोग्याची नाडी हातात धरून एकेक नाव उच्चारत जावे, ज्या नावावर नाडी बदलेल ते त्या माणसाचे, अशी युक्ती सांगितली होती. आमच्या जिल्ह्यात अक्कलकुव्याला युनानी महाविद्यालय आहे. नाडीवर बोट ठेवून मन वाचण्याची ही विद्या तिथल्या विद्यार्थ्यांना नवी वाटणार नाही.

हेबर्डनच्या लिखाणातली आणखी एक ओळ मात्र फारसे कुणी सांगत नाही. हा रोग झालेली सुमारे शंभर माणसे आपण पाहिली, असे तो म्हणतो, आणि त्यांत बायका किती, तर तीन. या रोगाचे बारसेच पुरुषाच्या नावाने झाले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बायकांच्या छातीत दुखत नव्हते, की त्या डॉक्टरपर्यंत पोचत नव्हत्या, की पोचल्या तरी त्यांच्या दुखण्याला वेगळे नाव दिले जात होते? तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात. आपल्याकडे आजही त्या तिन्ही सापडतात.

आता मनाचा ताण हृदयाला कसा पोचतो ते पाहू. राग, भीती, अपमान झाला की शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये सुटतात, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त रक्त लागते. निरोगी रक्तवाहिनी अशा वेळी रुंदावते. आजारी रक्तवाहिनी रुंदावत नाही, उलट आकसते. मागणी वाढली आणि पुरवठा घटला. अमेरिकेत ॲलन रोझान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हृदयरोग असलेल्या ३९ जणांवर एक प्रयोग केला. त्यांना तोंडी गणिते घातली, भराभर वाचायला लावले, आणि स्वतःच्या उणिवांबद्दल लोकांसमोर बोलायला सांगितले. ३९ पैकी २३ जणांच्या हृदयाची हालचाल त्या ताणाने बिघडली. सगळ्यांत जास्त बिघडली ती स्वतःबद्दल बोलताना. इथपर्यंत ठीक आहे. पण त्या २३ पैकी १९ जणांना काहीही दुखले नाही. हृदय आतल्या आत गुदमरत होते आणि माणूस बोलत उभा होता.

या दुखण्याची दुसरी बाजू अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील अभ्यासाने दाखवली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हृदयरोग असलेल्या १४८ जणांना ताण देऊन त्यांच्या हृदयाबरोबर मेंदूचीही चित्रे घेतली. ताणाच्या वेळी ज्यांच्या छातीत दुखले, त्यांच्या मेंदूतला कपाळामागचा खालचा भाग जास्त चेतलेला होता. हा भाग भावनांना आवर घालण्याच्या कामातला. पुढची दोन वर्षेही त्यांच्यात छातीत दुखण्याचे प्रमाण जास्त राहिले. म्हणजे छातीतले दुखणे किती, हे नुसते रक्तवाहिनीत ठरत नाही, मेंदूतही ठरते. याच विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ९१८ रुग्णांची माहिती मांडली. ताणामुळे ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडत होते, त्यांना पुढे झटका येण्याचा किंवा हृदयविकाराने मरण येण्याचा धोका इतरांहून जास्त होता.

तर असे हे दुहेरी आहे. ताण दुखणे वाढवतो, तसा ताण दुखणे झाकूनही टाकतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या हेन्री बीचर या डॉक्टराला दिसले की मोठमोठ्या जखमा झालेल्यांपैकी फक्त चौथाई लोकच वेदनाशामक मागत होते. १९४६ मध्ये त्याने ते लिहिले. त्याचा अंदाज असा की त्या सैनिकाला जखम म्हणजे घरी जाण्याचा परवाना होता, म्हणून ती कमी दुखत होती. दुखण्याचा अर्थ बदलला की दुखणेही बदलते. हे समजायला आम्हा नंदुरबारकरांना इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरतो आणि बायका दिवसभर देठ खुडत बसतात. नवी पोरगी पहिल्या दिवशी हात पाण्यात बुडवून रडते. जुनीला काही वाटत नाही. मिरचीतला तिखट पदार्थ नसांच्या टोकांवरच्या ज्या ग्राहकाला पेटवतो तो डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तोच पदार्थ पुन्हापुन्हा लागत राहिला तर ती नस बोथट होते, हेही शास्त्राला माहीत आहे. जुन्या बाईला दुखत नाही याचा अर्थ मिरची गोड झाली असा होत नाही. तशीच मधुमेहात नसा बोथट होतात आणि हृदयाचा झटकासुद्धा न दुखता येऊन जातो. नुसता घाम, नुसती धाप, नुसती मळमळ.

एवढ्यावरून एक गोष्ट मान्य करावी लागते. दुखते म्हणून हृदय बिघडलेच असे नाही, आणि दुखत नाही म्हणून ते ठीक आहे असेही नाही. मग 'तुझे दुखणे खरे नाही, ते मनाचे आहे' या वाक्याला अर्थ काय उरतो? दुखणे जाणवते ते नेहमी मनालाच. पायात काटा मोडला तरी तो मेंदूला कळल्याशिवाय दुखत नाही. 'मनाचे' आणि 'खरे' हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध वापरण्याची आपल्याला सवय आहे. तिला शास्त्राचा आधार नाही.

लंडनच्या रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या प्रयोगाने तर मोठी खळबळ उडवली होती. हृदयाची नळी अरुंद झालेल्या २०० रुग्णांपैकी काहींना खरोखर स्टेंट बसवला आणि काहींना सगळी तयारी करून, गुंगी देऊन, स्टेंट न बसवताच बाहेर आणले. कुणाला काय झाले ते रुग्णाला माहीत नव्हते. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. औषधे थांबवून केलेल्या त्यांच्याच २०२३ च्या दुसऱ्या प्रयोगात स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला, हे इथे सांगायला हवे, नाहीतर कुणी उद्या डॉक्टरांशी भांडायला जाईल. पण त्यातही स्टेंट बसवलेल्या निम्म्याहून अधिक जणांचे दुखणे पूर्ण गेले नव्हते. नळी उघडली की सगळे सुटले, असे हे गणित नाही.

आता मी घरात येते. पुढे सांगते ते एक घर नाही. दोन-तीन घरांची हकिकत मिसळून सांगते आहे, म्हणजे कुणाची ओळख पटू नये.

घरातल्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी झटका आला. इकडून लोक जातात तसे त्यांना सुरतेला नेले, स्टेंट बसला, ते बरे होऊन आले. तेव्हापासून त्या घरात एक नियम झाला, 'अब्बा को टेन्शन नहीं देना.' टीव्हीचा आवाज कमी झाला, भावंडांची भांडणे अंगणात गेली, हे चांगलेच झाले. मग हळूहळू नियमाचे राज्य वाढले. उधारीचे सांगायचे नाही. मोठ्या भावाचे दुकान चालत नाही, हे सांगायचे नाही. आणि मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तिला नाशिकला नर्सिंगला जायचे होते, तेव्हा हे राज्य तिच्यापर्यंत येऊन पोचले. वडिलांनी 'नाही' म्हटलेच नव्हते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आत्या म्हणाली, 'तेरे अब्बा को कुछ हो गया तो जिंदगीभर रोएगी.' भाऊ तेच म्हणाला. मुलीने फॉर्म कपाटात ठेवला.

त्याच घरात आईच्या छातीत दुखते. पाण्याची कळशी उचलली की दुखते, वाद झाला की दुखते, कधी पहाटे दुखते. तिला पाच वर्षांपासून मधुमेह आहे. ती एकदा दवाखान्यात गेली तेव्हा नवरा सोबत होता. डॉक्टरांनी विचारले, 'केव्हा दुखते?' उत्तर नवऱ्यानेच दिले, 'टेन्शन बहोत लेती है.' ॲसिडिटीची गोळी आणि झोपेची गोळी घेऊन दोघे परत आले.

एकाच छताखालचे हे दोन निवाडे पाहा. वडिलांचे टेन्शन म्हणजे हृदयरोग, आणि आईचा हृदयरोग, असलाच तर, म्हणजे टेन्शन. वडिलांच्या ताणामुळे घराचा कायदा बदलतो, आईच्या ताणामुळे फक्त तिची गोळी बदलते. ताण आणि हृदय यांचे नाते शास्त्राने उलगडले ते दोघांसाठी सारखेच आहे. उलट बायकांच्या बाबतीत अधिक जपायला हवे, असे म्हणण्यासारखा पुरावा आहे. वयाच्या एकसष्टीपर्यंत झटका आलेल्या स्त्रीपुरुषांचा एमरीतच अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताणाने हृदयाला रक्त कमी पडण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट निघाले. शिवाय बऱ्याच स्त्रियांत मोठ्या नळ्या मोकळ्या असतात आणि बिघाड हृदयाच्या स्नायूतल्या अगदी बारीक वाहिन्यांत असतो. अँजिओग्राफी साफ येते, दुखणे चालू राहते, आणि घरचे म्हणतात, बघा, काही निघाले नाही.

हे फक्त आमच्या समाजाचे नाही, आणि फक्त बायकांचेही नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या मजुराची छाती दुखली तर मुकादमाला ते कामचुकारपणाचे वाटते, मुकादमाची दुखली तर गाडी निघते. शाळेत गणिताच्या तासाला पोट धरून बसणारा मुलगा आम्हा शिक्षकांना नाटकी वाटतो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर सगळेच देतात. गणिताच्या भीतीने खरोखर पोट दुखते, हे त्यात असते. पण वर्गात शिरल्यावर पेपर आठवत नाही, पटसंख्या आठवते. कुणाचे दुखणे खरे, हे बहुतेक वेळा त्याच्या हुद्द्यावरून ठरते. हे लबाडीने होत नाही, सवयीने होते. म्हणून ते दिसतही नाही.

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांचे सगळे मानायचे? ढोंग करणारेही असतात. असतात. पण ढोंग्याचे मानले तर एका तपासणीचे पैसे जातात आणि खऱ्याचे मानले नाही तर माणूस जातो. हा हिशोब आमच्या आठवीच्या मुलांनाही सुटेल.

आता त्या मुलीचा प्रश्न. तो मला जास्त अवघड वाटतो, कारण तिला घातलेली भीती पूर्ण खोटी नाही. ताणाने हृदयाला रक्त कमी पडते, हे आपण वर पाहिलेच. केरळात जन्मलेल्या सलीम युसूफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यासही मानसिक ताणाला झटक्याच्या नऊ प्रमुख कारणांत गणतो. मग ती बोलली आणि वडिलांना काही झाले, तर ती दोषी का नाही?

इथे मला जॉन हंटर आठवतो. अठराव्या शतकातला इंग्लंडचा मोठा शल्यचिकित्सक. त्याला स्वतःला अँजायना होता आणि स्वभाव तापट. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात आहे, असे तो म्हणत असे, असे सांगतात. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळाच्या बैठकीत दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला, हंटर त्यांची बाजू मांडत होता, कुणीतरी त्याचे म्हणणे खोडले, तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळून मेला. खोडून काढणाऱ्यावर कुणी खुनाचा आळ घेतला नाही. घेता आलाही नसता. बैठकीत मतभेद मांडणे हा त्याचा हक्क होता. हंटरच्या नळ्या त्या दिवशी अरुंद झालेल्या नव्हत्या, त्या वर्षानुवर्षे होत आल्या होत्या. शेवटचे निमित्त आणि कारण यांत फरक आहे. वीस वर्षांची बिडी, तपासून न घेतलेला रक्तदाब, वाढलेली साखर या सगळ्यांचे बिल शेवटी आलेल्या माणसाच्या नावावर फाडणे हा अन्याय आहे. आणि आपल्या घरांत शेवटी आलेला माणूस बहुधा मुलगी असते.

पण हंटरच्या वाक्यातला दुसरा अर्धा भागही सोडून चालणार नाही. दुसऱ्याच्या छातीवर आपल्या शब्दाचा भार पडतो, हे खरेच आहे. म्हणून सुनेला येता-जाता घालून पाडून बोलणारी सासू, हाताखालच्या माणसाला चारचौघांत झापणारा साहेब, हप्त्यासाठी दारात उभा राहून मोहल्ल्याला ऐकू जाईल असे बोलणारा वसुलीवाला, हे सगळे 'मी तर नुसते बोललो' असे म्हणून मोकळे होऊ शकत नाहीत. मग फरक कुठे करायचा? मला वाटते, बोलणे कशासाठी आहे त्यावर. समोरच्याला लहान करण्यासाठी बोललेला शब्द आणि आपले आयुष्य मागण्यासाठी बोललेला शब्द यांनी एकाच नळीवर दाब पडला, तरी दोन्हींचा हिशोब एक नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या शब्दाला वेळ पाहावी लागते, सूर सांभाळावा लागतो, गप्प बसावे लागत नाही. रोझान्स्कींच्या रोग्यांची हृदये सगळ्यांत जास्त बिघडली ती स्वतःबद्दल बोलताना, हे खरे. पण गप्प बसून ती सुधारतात असे त्या प्रयोगाने कुठेही म्हटलेले नाही. ज्या घरात वडिलांपासून सगळे लपवले जाते, त्या घरातल्या वडिलांना लपवलेले असते एवढे तरी कळतेच. दारातून आत येताच बोलणे थांबते, ते कुणाला कळत नाही?

गप्प बसण्याला आपण सब्र म्हणतो, ही आणखी एक गोम आहे. बायकांना तर हा शब्द हुंड्यात मिळतो. पण सब्राचे सगळ्यांत मोठे नाव म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या हजरत अय्यूब यांनी आपले दुखणे झाकले नव्हते. मला त्रास होतो आहे, असे त्यांनी आपल्या रबला हाक मारून सांगितले, आणि तरीही कुराणाने त्यांना सब्र करणारा म्हटले. हजरत याकूब मुलाच्या दुःखात इतके रडले की डोळे पांढरे पडले, आणि सब्राची गोष्ट त्यांच्याच तोंडी आहे. दुःखाने शरीर झिजते हे त्या किश्श्यात सरळ मांडलेले आहे, आणि त्याबद्दल त्यांना कुणी कमकुवत म्हटलेले नाही. शिकायत आणि सब्र यांत वैर आहे, हे आपण नंतर ठरवले. मजहबच्या नावावर ते खपवणे सोपे गेले, एवढेच.

मी मौलवी नाही आणि डॉक्टरही नाही. मुलांना जबान शिकवते. माझ्या कामापुरते मला एवढे कळते की दुखण्यासाठी शब्द असावे लागतात आणि ते शिकवावे लागतात. 'दुखते' एवढ्याने भागत नाही. दाबते की जळते, आवळते की टोचते, चालताना की बसल्यावर, किती मिनिटे, घाम येतो का, हाताकडे जाते का? आपल्या बायका भाजी घेताना याहून जास्त प्रश्न विचारतात. छातीत दाबल्यासारखे होऊन काही मिनिटांत थांबले नाही, घाम फुटला, श्वास लागला, तर ते टेन्शन आहे की हृदय याचा वाद घरात घालायचा नाही, १०८ ला फोन लावायचा. मोलगी-धडगावकडच्या डोंगरात बांबूच्या झोळीतून माणूस रस्त्यापर्यंत आणावा लागतो. तिथे घरातल्या वादात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

त्या मुलीने मला विचारले होते, अब्बांना कसे सांगू? मी म्हटले, सकाळी सांग, त्यांनी गोळ्या घेतल्यावर. रागात सांगू नकोस, चार माणसांत सांगू नकोस, आणि भावाच्या तोंडून तर मुळीच सांगू नकोस. खर्चाचा कागद हातात ठेव. 'नाही' म्हणाले तर आठवड्याने पुन्हा सांग. ती मान हलवत ऐकत होती. मग म्हणाली, 'और बाजी, अम्मी को कौन पूछेगा?'

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी तिच्या आईला घेऊन गेलो. रांग होती. आत गेल्यावर आईने सवयीने मागे वळून पाहिले, नवरा नव्हता, तेव्हा तिने स्वतः सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग बरेच. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले. ईसीजी साधा आला. साध्या ईसीजीवरून काही नाही असे म्हणता येत नाही, त्यातून साखर आहे, तेव्हा चालण्याच्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्या, असे त्या म्हणाल्या. त्यासाठी धुळ्याला जावे लागणार आहे. तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे.